दाराशी अडलेला वेग

इंटरनेटची जोडणी द्यायला आलेला मुलगा फायबरची तार जिन्यातून वर ओढतो, दारातून आत घेतो आणि जिथे प्लग सापडेल तिथे राउटर ठेवतो. बहुधा चपलांच्या कपाटावर, नाहीतर टीव्हीच्या मागे. मग त्याच राउटरशेजारी उभा राहून फोनवर वेग मोजतो, आकड्याचा फोटो काढतो, ओटीपी मागतो आणि पुढच्या घरी जातो. दिवसभरात त्याला अशा कितीतरी जोडण्या उरकायच्या असतात, त्याला बोल लावून उपयोग नाही. बोल लावायचा तो ही पद्धत ठरवणाऱ्यांना. कारण चपलांच्या कपाटाशेजारी घरात कुणीच बसत नाही. बारावीची मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करते, आजी स्वयंपाकघरालगतच्या पलंगावर कीर्तन लावते, घरून काम करणारा गॅलरीच्या कोपऱ्यात बसतो. ज्याला नेट लागतं तो राउटरपासून सर्वांत लांब. तिथे वेग कुणी मोजलेलाच नसतो.

आणि तक्रार केली की हेल्पलाइनवरून दोनच उपाय मिळतात: राउटर बंद करून चालू करा, नाहीतर वरचा प्लॅन घ्या. पहिल्याने कधीकधी फरक पडतो, कारण चालू होताना राउटर जरा मोकळा चॅनेल शोधू शकतो. दुसरा सल्ला मात्र, मूळ दोष न शोधता दिला तर, ग्राहकाच्या खिशात हात घालणं आहे. भिंत ओलांडताना मरणारा वेग महिन्याला तीनशे रुपये जास्त भरल्याने जिवंत होत नाही.

दोष कुणाचा हे ठरवायला एक साधी तपासणी पुरते. लॅपटॉप लॅनच्या केबलने थेट राउटरला जोडा, घरातल्या बाकी सगळ्यांचं वायफाय बंद ठेवा आणि वेग मोजा. एकदा दुपारी, एकदा रात्री नऊच्या सुमाराला. दोन्ही वेळा प्लॅनइतका वेग आला तर कंपनीचं काम ठीक आहे, घोटाळा घरातल्या हवेत आहे. दुपारी आला आणि रात्री पडला, तर बहुधा पुरवठादाराने क्षमतेपेक्षा जास्त घरं जोडली आहेत. फायबरच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटची एक वाहिनी ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ६४ घरांना प्रत्येकी १०० मेगाबिटचा प्लॅन विकला की बेरीज ६.४ गिगाबिट होते. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत म्हणून हे निभतं, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते रोज रात्री तुंबत असताना नवी घरं जोडत राहणं.

केबलने मोजतानाही एक सापळा आहे, आणि तो फार कमी लोकांना सांगितला जातो. अनेक स्वस्त राउटरांचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. २००चा प्लॅन घ्या की ३००चा, अशा पोर्टमधून वेग चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या वर जात नाही. केबलचंही तेच. १०० मेगाबिटला आतल्या आठपैकी चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उंदराने एक तार कुरतडली किंवा टोकाचा क्लिप नीट बसला नाही तर जोडणी गुपचूप १०० वर उतरू शकते, दिवा मात्र लुकलुकत राहतो. म्हणून आकडा पंचाण्णवच्या आसपास अडला की आधी पोर्ट आणि केबल पाहा. २००चा प्लॅन विकताना १००च्या पोर्टचा राउटर देणारा पुरवठादार अर्धा माल दाराबाहेर ठेवून पूर्ण पैसे घेतो, असं माझं स्पष्ट मत आहे. राउटर बदलून मागा.

(एक गोष्ट जाता जाता. प्लॅनवरचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, फाइल उतरवताना दिसणारा बहुधा मेगाबाइटमध्ये. १००च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येत असतील तर सगळं व्यवस्थित आहे.)

केबलवरही वेग येत नसेल तर तोंडी बोलू नका. तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर घ्या. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत दाद मागता येते. दूरसंचार नियामक संस्था ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, पण ही दोन पायऱ्यांची व्यवस्था २०१२ पासून तिच्याच नियमांनी बांधलेली आहे. आणि भांडताना प्लॅनवरच्या आकड्याचं बोट सोडू नका. ‘ब्रॉडबँड’ या शब्दावर विसंबलात तर हाती काही लागणार नाही: सरकारी व्याख्येत २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएस म्हणजेही ब्रॉडबँड होतं, आता किमान २ एमबीपीएस आहे.

आता हवा. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्‌झचा. त्यात आपल्याकडे चॅनेल तेरा, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच: १, ६ आणि ११. पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडा, शेजाऱ्यांचे वीस-पंचवीस राउटर दिसतील. ते सगळे या तीन जागांत दाटीने बसलेले. काही जण हुशारीने मधला ३ किंवा ४ निवडतात. तो रिकामा दिसतो, पण तिथे दोन्ही बाजूंचा गोंगाट येतो. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीने बोलतात, मधल्याला ती पाळी कळतच नाही. म्हणून या तिन्हींतला कमी गर्दीचा चॅनेल घ्या आणि त्याची रुंदी २० मेगाहर्ट्‌झवर ठेवा. गर्दीत ४० ठेवणारा शेजाऱ्यांचंही नुकसान करतो, स्वतःचंही. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो. जेवण गरम करताना आजीचं कीर्तन अडकत असेल तर राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हलवा.

५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा खूप मोकळा आहे. २०१८ मध्ये सरकारने त्यातला ६०५ मेगाहर्ट्‌झ विनापरवाना वापराला खुला केला, २.४च्या पट्ट्यात मिळून जागा ८३.५ मेगाहर्ट्‌झची. वेग हवा तर फोन, टीव्ही, लॅपटॉप इथे आणा. पण या लहरी भिंतीपुढे लवकर हरतात. विटांची एखादी भिंत चालते. आरसीसीचा खांब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, बाथरूमवरची पाण्याची टाकी आली की संपलं. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात एका राउटरकडून माजघरापर्यंतची अपेक्षाच ठेवू नये. अँड्रॉइड फोनवर सिग्नल मोजणारी फुकट अ‍ॅप आहेत. व्हिडिओ कॉलसाठी आकडा उणे ६७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून चांगला हवा. उणे ८०ला तो कॉल तुटणारच, मग प्लॅन कितीचाही असो.

आणि कोपऱ्यातला एक जुना फोन सगळ्या घराचा वेग खातो, हेही खरं आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. ज्याचा सिग्नल क्षीण तो तेवढाच मजकूर पाठवायला कितीतरी जास्त वेळ घेतो, तोवर बाकीचे थांबतात.

इथे दुकानदार एक्स्टेंडर पुढे करतो. सॉकेटमध्ये खोचायचा तो स्वस्त डबा बहुधा एकाच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यातून लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. ज्याला स्वतःला काही ऐकू येत नाही तो पुढे काय पोचवणार? तो निदान वाटेत मध्यावर लावा. खरा उपाय वेगळा आणि टिकाऊ आहे: आतल्या खोलीपर्यंत लॅनची केबल आणि तिथे दुसरा राउटर. कपाटात पडलेला जुनाही चालतो, अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवून. आणि जो टीव्ही जागचा हलत नाही त्याला वायफायवर ठेवू नका, केबल द्या.

एक दुखणं वेग मोजणाऱ्या अ‍ॅपला एरवी दिसतच नाही. घरात शिरताच सगळ्यांचे फोन दिवसभराचे फोटो वर चढवू लागतात, दारावरचा कॅमेरा चोवीस तास चित्रण पाठवत असतो. ज्या प्लॅनमध्ये अपलोड थोडा असतो तिथे ती वाट भरते. मग खाली येणाऱ्या मजकुराच्या पोचपावत्याही अडकतात आणि मुलीचा ऑनलाइन क्लास थिजतो. कॅमेऱ्याचं चित्रण मेमरी कार्डावर घ्या, फोटोंचा बॅकअप रात्रीवर ढकला.

उरतो बिल्डर. नव्या फ्लॅटमध्ये एसीचा पॉइंट असतो, इंटरकॉमचा असतो, बेडरूममध्ये टीव्हीचाही असतो. दारापासून प्रत्येक खोलीत जाणारा इंटरनेटचा पाइप कितीतरी ठिकाणी नसतो. प्लास्टर व्हायच्या आधी त्याचा खर्च अगदी किरकोळ. नंतर मात्र रंगवलेल्या भिंतीवर पट्टी ठोकावी लागते, ती दिसायला नको म्हणून लोक केबल टाळतात आणि पुढची वीस वर्षं रेंजच्या नावाने रडतात. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारे देण्याचे नियम काढले. चांगलं पाऊल, पण तारे घेणं ऐच्छिक आहे. ते सक्तीचं होईपर्यंत बुकिंगच्या टेबलावर स्विमिंग पूल आणि क्लबहाऊसच्या आधी वायरिंगचा नकाशा मागून घ्या, आणि त्यात हा पाइप प्रत्येक खोलीत काढून दाखवला नसेल तर चेकवर सही करण्याआधी तो काढून घ्या.