चाल कुणाची?

माझी शैली स्वतंत्र आहे, असं मी न विचारताही सांगत असतो. लेखात दोन कोट्या साधल्या की घरचे म्हणतात, "काल पुलं वाचलेत वाटतं!" या उसनवारीला मग एखादं भारदस्त नाव हवंच होतं. फ्रेंचांकडे मिळालं: पास्तीश.

टवाळी करायची असेल तर ते विडंबन. अत्र्यांची 'झेंडूची फुले' त्या घराण्यातली. पास्तीशात टवाळी असलीच पाहिजे असं नाही. दुसऱ्याचा सूर हुबेहूब लावायचा, किंवा चारचौघांचे सूर एकत्र शिजवायचे. फ्रेंच कादंबरीकार प्रुस्तनं नकली हिऱ्यांच्या एका फसवणुकीची हकिकत बाल्झाक, फ्लोबेर वगैरेंच्या थाटात लिहिली. १९१९ साली तिचं पुस्तकही आलं. खोट्या हिऱ्यांना खोटी शैली, कोंदण जमलं.

मूळ शब्द इटालियन, 'पास्तिच्चो'. म्हणजे कणकेच्या पारीत नाना जिन्नस कोंबून भाजलेला पदार्थ. अठराव्या शतकात जुनी गाणी जोडून शिवलेल्या ऑपेरालाही हेच नाव पडलं. आणि इथे मी वाहवणार, कारण या ऑपेरांतले गायक मला फार आवडतात. हे लोक आपली हुकमी गाणी ट्रंकेत घेऊन गावोगाव फिरत. नाटक रोमचं असो की इराणचं, राजा मरणपंथाला लागलेला असो की बोहल्यावर उभा, यांचं ठरलेलं गाणं व्हायचंच. टाळ्या कुठे पडतात हे संगीतकारापेक्षा ट्रंकेला जास्त ठाऊक! माझ्याही ट्रंकेत तीन विनोद आहेत. बारसं असो वा शोकसभा, त्यांतला एक निघतोच.

आपली संगीत नाटकं याच गोत्रातली, पण जास्त सरळ. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द छापलेले असत. १९११च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबच्या ठुमरी-कजरीचा ढंग आणला आणि महाराष्ट्र डोलला.

पण ज्या गाणाऱ्या बायकांच्या गळ्यात त्या ठुमऱ्या वाढल्या, त्यांचं नाव त्या 'चाल'पुढे सहसा नसे. गाण्याचे शब्द छापायला शाई होती, बाईच्या नावापुरती नव्हती. उसनं घेण्याला माझी ना नाही. सावकाराचं नाव खोडण्याला आहे.

म्हणून यापुढे माझ्या प्रत्येक लेखावर 'चाल' नावानिशी छापा, असं मी संपादकांना सुचवलं. ते म्हणाले, "छापू. पण मग लेखाला जागा उरणार नाही."