तरफ, कळ आणि लग्नमांडव

इटलीतील अकिले गाजिया यांनी १९३८ साली पेटंटाचा अर्ज गुजारून आणि महायुद्धानंतर तरफ व स्प्रिंग यांच्या योगाने कॉफीच्या भुकटीतून ऊन पाणी जबर दाबाने रेटण्याची विद्या प्रचारात आणून मनगटास जी प्रतिष्ठा दिली, ती १९६१ साली फाएमा कंपनीच्या विजेच्या पंपाने हिरावून घेतली. आणि तेव्हापासून तरफेचे उपासक व कळीचे उपासक यांच्यात द्वैत-अद्वैतासही लाजवील असा तंटा चालू आहे.

वर्धा जिल्ह्यातील आष्टीच्या लग्नमांडवात मात्र या फिर्यादीचा निकाल कधीच लागलेला आहे. तेथे ‘एस्प्रेसो’ या भारदस्त नामाभिधानाखाली जे पेय बिनतक्रार रुजू होते, त्यात ना ताजी दळलेली बी, ना नऊ वातावरणांचा दाब; असते ती विरघळणारी भुकटी, मुबलक साखर, दूध, आणि तापल्या बाष्पपात्राच्या नळीतून कर्कश फूत्कार करीत सुटणारी वाफ, जिच्या गर्जनेपुढे सनईवाल्यानेही हार मानावी. १६ ऑगस्ट १९४२ रोजी इंग्रजी अंमलाचा मुलाहिजा न ठेवणाऱ्या गावाने इटलीच्या व्याख्येचा तरी का ठेवावा? यंत्र हस्तचलित म्हणावे, तर आचाऱ्याचा पोरगा केवळ पेला वरखाली करतो. स्वयंचलित म्हणावे, तर तो जेवायला गेला की सारा कारभार ठप्प. राहता राहिला दाब. त्याची तजवीज रांगेत मागे उभी असलेली वरपक्षाची मंडळी करतात.