गुंतवळाचा हिशेब

आमच्या सोसायटीत चपला चोरीला जायला लागल्या, म्हणून लिफ्टमध्ये कॅमेरा बसवला. त्यात चोर सापडला नाही. मी सापडले.

झालं असं की सेक्रेटरींनी आम्हा चार-पाच जणांना ऑफिसात बोलावलं आणि आदल्या दिवसाचं चित्रण लावलं. कोण अनोळखी दिसतंय का, बघा म्हणाले. पडद्यावर एक बाई लिफ्टमध्ये शिरली. हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी, आणि डोक्याच्या मधोमध चांगली दोन बोटं रुंद अशी मोकळी जागा. माझ्या मनात कणव दाटून आली. "अगंबाई, ही कुणाकडची पाहुणी?" मी विचारलं. खोलीत कुणी बोलेना. शेवटी वॉचमनच हळूच म्हणाला, "आजी, तुमीच हाय त्या."

मेथी मात्र मी लगेच ओळखली.

आता यात माझा दोष काय? आरसा समोरून दाखवतो. समोरून माझं कपाळ चाळीस वर्षांपूर्वी जिथे संपायचं तिथेच आजही संपतं. जे काही चाललं होतं ते वरच्या मजल्यावर, आणि तिथे मी कधी गेलेच नव्हते.

शिवाय केस हा माझा अभिमानाचा विषय. 1983 साली कांदेपोह्यांच्या वेळी सासूबाईंनी मला वेणी सोडायला लावली होती. गंगावन लावून फसवतील अशी त्यांना शंका. वेणी सुटली, केस खुर्चीच्या बैठकीखाली गेले आणि तिथेच होकार आला. शिक्षण कुठवर झालंय ते नंतर विचारलं. त्या केसांचा आता जो अंबाडा होतो त्यावर गजरा माळला तर गजराच अंबाड्याला सांभाळतो.

यजमानांचं डोकं पस्तिशीतच उजाड झालं. तेव्हा त्यांच्या आईने "टक्कल म्हणजे पैसा येणार" असं भविष्य सांगून घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. पैसा आलाही. हे बँकेत कॅशियर होते, लोकांचा पैसा आयुष्यभर मोजला. पण त्यांना कधी कुणी औषध सुचवलं नाही. माझा भांग रुंदावल्याची बातमी फुटली मात्र आणि तिसऱ्या दिवशी घरात माका, जास्वंद, कोरफड, वडाच्या पारंब्या आणि नागरमोथा हजर झाला. शेजारच्या वहिनींनी तर कांद्याचा रस करूनच आणला. मी तो लावून बसले. संध्याकाळी हे फिरून आले, दारातच थबकले आणि आशेने म्हणाले, "आज भजी का?"

पारंब्यांमागचा तर्क मला फार आवडला. वडाला लोंबतात, म्हणून आपल्यालाही लोंबतील. वडाचा दीर्घायुष्यासाठी उपयोग होतो हे ऐकून होते. पण ते नवऱ्याच्या.

हे सगळं पाहून यांनी प्रकरण हातात घेतलं. निवृत्त माणसाला मोजायला काहीतरी लागतं. माझ्या आजीच्या घरी फणीत आलेलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून, त्यावर थू-थू करून कोनाड्यात ठेवत. पुरेसं साठलं की त्याचंच गंगावन वळत. आमच्याकडे ते स्टीलच्या ताटलीत यांच्यापुढे येऊ लागलं. चष्मा कपाळावर, अंगठा ओल्या स्पंजावर टेकवलेला. एकेक केस सोडवून दहा-दहाच्या गड्ड्या. शेवटी जुन्या डायरीत नोंद: सोमवार, 74. मंगळवार, 68. बुधवार (न्हाणं), 131. "नव्वदच्या वर गेलं की सांगत जा," मी म्हणायचे. हे म्हणायचे, "अगं, फाटक्या नोटा वेगळ्या मोजल्यात."

ही डायरी घेऊनच आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिने डायरी शेवटच्या पानापर्यंत वाचली, कसंबसं हसू आवरलं आणि सांगितलं की डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्यातले रोज पन्नास ते शंभर गळणं हे रीतीला धरूनच आहे आणि न्हाण्याच्या दिवशी जास्त निघतात. मग तिने पन्नासेक केसांची बट चिमटीत धरून हळूच ओढली. सहा-सात केस तिच्या हातात आले. यांनी लगेच डायरी उघडली.

"काकू, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

माझ्या काही लक्षात येईना. आमच्या घरची स्मृती स्वयंपाकघरात, कालनिर्णयवर असते. दूध अर्धा लिटर जास्त, सिलेंडर लावला, बाई आली नाही. मुलाला फोन केला, त्याने पान उलटून वाचलं: "ऑगस्ट 11. आई, डेंग्यू, अॅडमिट."

तर पहिला गुन्हेगार हा. मोठा ताप, शस्त्रक्रिया, एकदम वजन उतरणं, असं काही झालं की पुष्कळ केस वाढ थांबवून एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. माणूस तोवर ताप विसरलेला असतो आणि खापर नव्या शाम्पूवर किंवा बोअरच्या पाण्यावर फुटतं. हे गळणं आपोआप थांबतं, केस परत येतात.

पण दुसरा गुन्हेगार जुना होता. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन ओसरतं, काही घराण्यांत मुळंही तशीच नाजूक असतात, मग टाळूवरच्या केसांची वाढीची मुदत आखूड होत जाते आणि दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक उगवतो. कपाळाची कड तशीच राहते, भांग रुंदावतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1977 साली याच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. मी दुसऱ्या पायरीवर निघाले. शाळेपासून माझा सेकंड क्लास कधी चुकला नाही.

मग रक्त. लेक न्यू जर्सीहून बायोटिनच्या गोळ्या पाठवते, जेलीसारख्या, अस्वलाच्या आकाराच्या. रक्त देण्याआधी तीन दिवस त्या बंद करायला लागल्या, कारण बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. म्हणजे केसांसाठी गोळी घ्यायची आणि तिच्यामुळे नसलेलं थायरॉइड पदरात पडायचं! बरणीवर सेलेनियमही लिहिलं होतं. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत जात होते, तेव्हा त्यांच्या रक्तात सेलेनियमच जास्त आढळलं होतं. अस्वलं नातवालाही देऊ नका म्हणून सांगून मी ती बरणी फेकली.

थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिनही काठावर पास. पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेला होता. मला हे काही कळेना. यांनी एका वाक्यात समजावलं: "चालू खात्यात आहेत, पण ठेवी मोडल्यात." डॉक्टर म्हणाली, माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे इतकं छान कुणी सांगितलं नव्हतं. हे दोन दिवस तरंगत होते.

कांद्याचंही मी विचारलं. तर 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी खरोखरच कांद्याचा रस लावून पाहिला होता म्हणे. पण तो चाईसाठी, ज्यात गोल चकत्या पडतात. माझा आजार वेगळा. वहिनींचा कांदा वाया गेला.

औषध लिहून दिलं ते मिनॉक्सिडिल. ही मुळात रक्तदाबाची गोळी. घेणाऱ्यांना भलत्याच जागी केस यायला लागले, तेव्हा कंपनीचे डोळे चमकले. अमेरिकेत ते डोक्याला लावायचं औषध म्हणून पुरुषांना 1988 साली मिळालं, बायकांना 1991 साली. आपल्याकडच्या पंगतीसारखंच, आधी ते, मग उरलं तर आपण. "मी गेली बारा वर्षं रक्तदाबाची गोळी घेतोय," हे डोक्यावरून हात फिरवत डॉक्टरला म्हणाले. तिने ती वेगळी असते म्हणून सांगितल्यावर त्यांचा चेहरा पाहवेना.

रोज भांगावर एक मिली. केस कोरडे हवेत, नंतर हात धुवायचे, ओघळ कपाळावर येऊ द्यायचा नाही. नाहीतर पीक बांधावर येतं. आणि झोपायच्या आधी ते पुरतं वाळू द्यायचं. सहा महिने वाट बघायची. थांबवलं की मिळवलेलं जातं. थोडक्यात, संसारच.

पाचव्या आठवड्यात डायरीत 140 चा आकडा आला. दुसऱ्या दिवशी 152. न्हाणं नसताना! हे रात्री साडेदहाला डॉक्टरला फोन करायला निघाले. सकाळी तिने सांगितलं की असं होतं. नव्या केसाला जागा करायला जुना भाडेकरू उठतो, काही आठवड्यांत थांबेल. औषध सोडणारे बहुतेक इथेच सोडतात. मीही सोडलं असतं. पण डायरीत पुढची पानं आखून झाली होती.

आता सहावा महिना चालू आहे. भांगाच्या कडेला बोटभर केस उभे राहिलेत, तेलालाही जुमानत नाहीत. दोन बोटांची पट्टी एका बोटावर आलीय. ती नाहीशी होणार नाही, असं डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कालचा आकडा 57. चपलाचोर अजून सापडलेला नाही.

तुमच्या घरात कुणाला मोठा ताप आला, ऑपरेशन झालं, तर कालनिर्णयवर तारीख लिहून ठेवा आणि तीन महिने पुढच्या पानावर एक फुली मारा. त्या फुलीच्या आसपास गुंतवळ वाढलं तर वडावर चढू नका, रक्त तपासा.