पहिल्या पातळीचे नाना

आमच्या सोसायटीत कुणाच्या मुलाने, सुनेने परदेशी भाषेचा क्लास लावला, की त्याचं निदान नानांकडे होतं. नाना डॉक्टर नाहीत. बँकेत कॅशियर होते, निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. पण खोटी नोट जशी बोटाला कळायची, तशी आपल्याला भाषेवरून माणसं कळतात, असं ते म्हणतात. म्हणजे तेच म्हणतात.

"जर्मन लावलंय? हा मुलगा कुलूप लावून झाल्यावर दोनदा ओढून बघणार."

"फ्रेंच? हिला घरचा वरण-भात घशाखाली उतरत नसणार, लिहून ठेवा."

"जपानी? मान खाली घालून चालत असेल. चपला जोडीने ठेवते की नाही, आईला विचारा."

"स्पॅनिश? वर्गात शेवटी येणार, पण आला की सगळ्यांना चहा पाजणार."

रशियन म्हटलं की मात्र नाना आवाज खाली आणतात, एकदा फाटकाकडे बघून घेतात आणि एकच शब्द उच्चारतात : "लाल."

या विद्येला पुण्यासारखी पेठ नाही. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात संध्याकाळी नुसतं उभं राहिलं तरी तीनचार देशांची क्रियापदं अंगावरून जातात. चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने, हिंजवडीला जपानी कागदपत्रांची भाषांतरं, त्यामुळे शहरात दर चौथ्या घरात कुणीतरी कसला तरी धातू चालवत असतो. लोकमान्यांनीही मंडालेच्या तुरुंगात जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला होता. त्यातलं जर्मन स्वभावाला धरून आणि फ्रेंच वेळ जावा म्हणून, असा नानांचा निकाल आहे.

नानांच्या या अधिकाराचा उगम त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेला आहे. पाच भाषांची पाच प्रमाणपत्रं, पाचही पहिल्या पातळीची. युरोपातल्या भाषांना सहा पायऱ्या असतात. खालून पहिली 'ए-वन', सगळ्यात वरची 'सी-टू'. आपल्याकडे मिसळ झकास झाली तर ती 'ए-वन' होते, तिकडे ज्याला धड पाणीही मागता येत नाही तो 'ए-वन' असतो. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. नाना भिंतीकडे हात करून म्हणतात, "आपलं सगळं ए-वन!" आणि पाहुणे भारावून चहा घेतात.

नानांना पाच भाषांत मिळून तीन वाक्यं येतात. माझं नाव अमुक. मी पुण्यात राहतो. मला एक बहीण आहे. वास्तविक नानांना बहीण नाही, चार भाऊ आहेत. पण जगातल्या झाडून सगळ्या पहिल्या पुस्तकांत तिसऱ्या धड्याला बहीण येते, त्याला ते काय करणार? पाच देशांत बहिणी असून भाऊबीजेला घरी बसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"दुसरी पातळी का नाही केलीत कधी?" मी एकदा विचारलं.

"दुसऱ्या पातळीत भूतकाळ येतो," नाना म्हणाले. "कशाला उगाच?"

आता त्यांच्या निदानांविषयी. रशियनच्या वर्गात ते गेले १९८० च्या सुमारास. घरोघरी तेव्हा 'सोव्हिएत देश' नावाचं नियतकालिक यायचं. त्याचा गुळगुळीत कागद शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालायला इतका उत्तम, की आमच्या पिढीचं सगळं अंकगणित ट्रॅक्टरवर बसलेल्या हसऱ्या बायकांच्या आड झालं. नानांच्या बाकावर सांगलीचा एक दाढीवाला मुलगा होता. दाढी, खांद्याला शबनम आणि रशियन, म्हटल्यावर नानांनी निदान करून टाकलं. त्याच्याजवळ बसून वडा खायलाही ते बिचकत, कारण बँकेची नोकरी नवी होती. पुढे कळलं, की गडी बुद्धिबळ खेळणारा होता. बुद्धिबळावरची उत्तम मासिकं तेव्हा रशियनमध्ये निघत. खुद्द बॉबी फिशर तेवढ्यासाठी ती भाषा शिकला होता, आणि सांगली म्हणजे तर बुद्धिबळाची पंढरी. त्या मुलाचा क्रांतीशी एवढाच संबंध, की प्याद्याचा वजीर करता येतो. हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं?"

फ्रेंच त्यांना अंकांनी हरवलं. त्या भाषेत सत्तरला 'साठ-दहा', ऐंशीला 'चार-वीस' आणि नव्वदला 'चार-वीस-दहा' म्हणतात. "आमच्या काउंटरला अशी रोकड मोजली असती तर चौकशी बसली असती!" खरं तर आपल्याकडे खेड्यातल्या आज्या अंडी मोजताना 'चार विसा' म्हणायच्याच, आणि त्यांच्यावर अत्तराचा किंवा कवितेचा संशय कुणी कधी घेतला नाही. नानांच्या वर्गातली निम्मी मुलं कॅनडाला जायला निघालेली होती. तिथं कायमचं राहायचा अर्ज केला तर फ्रेंच येणाऱ्याला जादा गुण मिळतात. त्यांना प्रेमाबिमाशी काही देणं नव्हतं. पण वर्गात एक मुलगी स्कार्फ बांधून येई, ती नानांच्या शास्त्राला पुरली. मला वाटतं ती स्कूटरवरून येत असावी.

जपानीचं प्रकरण आमच्याच तिसऱ्या मजल्यावरचं. ती मुलगी 'एन-टू' पास आहे. जपानी परीक्षेच्या पायऱ्या उलट्या, एन-फाइव्हपासून एन-वनकडे चढत जायच्या, म्हणजे ती वरून दुसऱ्या पायरीवर. सोसायटीत तिची ख्याती : अबोल, विनयशील, जपानी वळणाची. यातली मेख तिनेच मला सांगितली. "काका, त्या परीक्षेत बोलायला लावतच नाहीत हो. वाचायचं, ऐकायचं आणि गोल काळे करायचे. माझं तोंड उघडतच नव्हतं, लोकांना वाटलं मी नम्र झाले." मीटरने यायला नकार देणाऱ्या रिक्षावाल्याशी ती काय भाषेत बोलते, ते मी फाटकाशी उभं राहून ऐकलेलं आहे. त्यात विनय नव्हता. पण भाषेवर तिचं प्रेम खरं. "जपानी आपल्यासारखीच. क्रियापद शेवटी, म्हणजे समोरच्याला वाक्य संपेपर्यंत थांबावंच लागतं. आपण 'घडाघडा' बोलतो, ते 'पेरापेरा' बोलतात. आपलं काळीज 'धडधड' करतं, त्यांचं 'दोकिदोकि'." नाना शेजारीच होते. ती गेल्यावर म्हणाले, "पाहिलंत? किती हळू बोलते."

या निदानांना मी हसत होतो, पण एक माझ्यावरच उलटलं. अकरावीला मी जर्मन घेतलं होतं. कारण शुद्ध व्यापारी : मराठीपेक्षा त्यात मार्क जास्त पडतात, असं सगळे म्हणत. शिकताना फार जड गेलं नाही. आपण एकवीस म्हणताना एक आधी आणि वीस मागून म्हणतो, जर्मन लोकही तसंच करतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक' छापलं आणि घराघरांत भांडणं लागली, तेव्हा या कारणाने मी जर्मनांच्या बाजूला होतो. त्यांच्यात 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे ऐकून सगळा वर्ग खवळला. एक मालवणची मुलगी तेवढी शांत होती. म्हणाली, "त्यात काय? आमच्याकडे 'चेडू' नपुंसकच."

तर एवढ्या भांडवलावर, तीस वर्षांनी, सोसायटीच्या वार्षिक सभेत नाना उठले. "पाण्याच्या टँकरचा हिशेब यांच्याकडे द्या. जर्मन शिकलेला माणूस. एक लिटर इकडचं तिकडे होणार नाही." टाळ्या पडल्या. मी वीजबिल आजवर मुदतीत भरलेलं नाही, हे बायकोने उभं राहून सांगितलं, तर लोकांना तो माझा विनय वाटला. तेव्हापासून सभेला दहा मिनिटं उशीर झाला की कुणीतरी म्हणतंच, "अहो, तुम्ही जर्मनवाले ना?" लाजेकाजेस्तव मी वेळेवर जाऊ लागलो. टँकरची वही तीन रंगांत ठेवू लागलो. परवा कुलूप लावून जिन्यापर्यंत गेलो, परत आलो आणि ओढून पाहिलं. नाना समोरच्या दारात उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त मान डोलावली.

गेल्या गणपतीत तळमजल्यावरचा मुलगा श्टुटगार्टहून बायकोला घेऊन आला. ती जर्मन, आणि वर मराठी शिकणारी, म्हणजे नानांना पर्वणीच. मराठी शिकणारा परदेशी माणूस म्हणजे वारी, अभंग, नाहीतर खंडोबा, हे त्यांचं ठरलेलं. अगदीच निराधार नाही म्हणा. जर्मनीचे सोंथायमर खंडोबापायी धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले, अमेरिकेच्या मॅक्सीन बर्नसन फलटणला येऊन राहिल्या. तेव्हा नानांनी आरती संपताच तिला विचारलं, "कुठल्या दिंडीबरोबर जाणार?"

"दिंडी नाही," ती म्हणाली. "आई फोनवर माझ्याबद्दल काय बोलतात, ते कळायला हवं ना? म्हणून शिकते."

सासूबाई मोदकांचं ताट घेऊन आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग तिने नानांनाच धरलं. "दात तो. जीभ ती. तोंड ते. एकाच ठिकाणी तिघं! का?" जर्मनमधल्या तो-ती-तेच्या, म्हणजे डेर-डी-दासच्या नावाने जन्मभर बोटं मोडणाऱ्या नानांनी आपल्या तोंडाला हात लावून पाहिला. उत्तर सापडलं नाही. ती हसली आणि पुढचा प्रश्न तिने अगदी व्याकरणशुद्ध विचारला, कारण तिची दुसरी पातळी झालेली होती : "नाना, तुम्ही लहानपणी कुठे राहत होता?"

नाना तासभर बोलले. वाईचा वाडा, नदीचा घाट, पुरात वाहून गेलेली गाय, चार भावांत मिळून एक सायकल. तिला निम्मं कळलं असेल. आम्हाला सगळं कळलं, आणि चौदा वर्षांत यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. उठताना ती म्हणाली, "येते हं." आणि नाना मला हळूच म्हणाले, "जर्मन आहे. प्रश्न बघा, कसा मुद्देसूद."

सध्या नानांनी पोर्तुगीज लावलं आहे. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द तिकडूनच आलेले असल्यामुळे निम्मी भाषा घरातच आहे, असं ते म्हणतात. कालच तिसरा धडा झाला. त्यांची ही बहीण लिस्बनला असते.