फुकटची हिरवळ

गोल्फ हा आडवं पडून बघायचा खेळ आहे. क्रिकेट बसून बघावं, फुटबॉल उभ्याने आरडाओरडा करत बघावा, पण गोल्फसाठी जुलैतला रविवार हवा, दुपारचं जेवण अंगावर आलेलं हवं, पायांवर पातळ पांघरूण हवं आणि एक डोळा मिटलेला हवा. दुसराही मिटला तरी बिघडत नाही. तासाभराने उघडून पाहावं, तर तोच माणूस त्याच हिरवळीवर उकिडवा बसून त्याच चेंडूकडे बघत असतो. मधल्या वेळात फक्त ढग बदललेले असतात. मी राहतो तिथे, म्हणजे ग्लासगोच्या जवळ, तेही फारसे बदलत नाहीत.

अशी झोप येण्यासाठी एकच अट असते : सामना फुकट दिसला पाहिजे. ब्रिटनमध्ये ही सोय बीबीसीने केली होती. १९५५ पासून साठ वर्षं गोल्फची 'ओपन' बीबीसीवर दिसायची. आता 'फुकट' हे आपल्या समजुतीने. टीव्ही घरात ठेवून बघायचा तर इथे लायसन्स लागतं आणि २०१५ साली ते वर्षाला १४५ पौंड ५० पेन्स होतं. टीव्ही बघायला परवाना लागतो हे साताऱ्याला सांगितलं तेव्हा आईने आधी विचारलं होतं, "म्हणजे परीक्षा द्यावी लागते का रे?" पण एकदा भरले की ते पैसे डोक्यातून जातात. घरपट्टी भरली म्हणून रस्त्यावरून जाताना कोणी पावलागणिक हिशेब करत नाही, तसंच. बीबीसीवरच्या गोल्फसमोर घोरताना मला कधी एका पेनीचंही नुकसान जाणवलं नाही.

शिवाय तिथे पीटर अ‍ॅलिस होते. ते स्वतः मोठे खेळाडू, आठ वेळा रायडर कप खेळलेले. पण माइकसमोर बसले की चेंडूपेक्षा त्यांचं लक्ष बाकी सगळीकडे. समुद्रात एखादी होडी दिसली की होडीबद्दल, कुत्रं घेऊन कोणी किनाऱ्यावर निघालं की कुत्र्याबद्दल, गर्दीतल्या आजींच्या टोपीबद्दल. ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर शेरे मारणारे एक काका प्रत्येक गावात असतात. बीबीसीने ते पगारी ठेवले होते. मला गोल्फचे नियम कळले ते त्यांच्या विषयांतरांच्या फटींतून.

आईला गोल्फ लागला तो २००९ च्या उन्हाळ्यात. ती सहा महिन्यांसाठी आली होती. मुलं शाळेत, आम्ही दोघं कामावर, आणि बाहेर पाऊस. रिमोट तिच्या हातात. गोल्फ तिला आवडला त्याची कारणं तिची स्वतःची होती : कोणी किंचाळत नाही, पुरुषमाणसं शर्ट खोचून असतात, आणि मागे पाखरं बोलतात. (अमेरिकेतल्या पाखरांचा मात्र भरवसा धरू नये. गोल्फच्या प्रक्षेपणात आपण टेप केलेला किलबिलाट मिसळतो, हे सीबीएसने २००० साली कबूल केलं होतं. पक्ष्यांचे जाणकार टीव्हीसमोर बसले होते, त्यांनी चोरी पकडली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ही शंका नको. समुद्रपक्ष्यांचा तो कर्कश कालवा मुद्दाम टेप करून कोण लावेल?)

त्या वर्षी ओपन टर्नबेरीला होती आणि टॉम वॉटसन जिंकायला आला होता. वय ५९. नऊ महिन्यांपूर्वी खुब्याचा सांधा बदललेला. हे शेवटचं आईला कळलं मात्र, तिने पक्ष निवडला. तिचे स्वतःचे गुडघे त्याच वर्षी डॉक्टरांच्या रांगेत होते. "सांधा बदलून हा माणूस चार-चार दिवस चालतोय," ती म्हणाली, "आणि तो आपला जोशी म्हणतो मला जिना नको!" जोशी म्हणजे साताऱ्याचे अस्थितज्ज्ञ नव्हेत, शेजारी.

शेवटच्या होलवर वॉटसनला नुसता पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल संपवणं, हवा होता. त्याने आठ नंबरची काठी, म्हणजे आयर्न, मारली. चेंडू सुरेख गेला, ग्रीनवर उतरला आणि थांबेचना. घरंगळत मागच्या गवताच्या कडेला जाऊन बसला. तिथून त्याने पटरने ढकलला तर तो होल ओलांडून आठेक फूट पुढे. मग ते आठ फूट. आईने हात जोडले. वॉटसनचा पट होलच्या जवळपासही गेला नाही. पुढे चार होलांच्या प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंकने त्याला सहा स्ट्रोक्सनी हरवलं. सिंक बिचारा सज्जन माणूस, पण आमच्या घरात त्याचं नाव आजही बऱ्या सुरात घेतलं जात नाही. ती बाई त्या दिवसापर्यंत गोल्फला 'ते काठीचं' म्हणत होती. रात्री तिने मला समजावून सांगितलं की वॉटसनने नऊ नंबर घ्यायला हवी होती.

आईने गोल्फचं चॅनेल मागितलं नव्हतं, हे महत्त्वाचं. ते समोर आलं. बागकामाचा कार्यक्रम संपला आणि पुढे गोल्फ लागला, एवढंच. फुकटच्या टीव्हीची सगळी करामत या 'पुढे लागला'मध्ये आहे. ज्याला गोल्फ हवा आहे तो पैसे भरून बघेलच. ज्याला नको आहे त्याच्या घरात शिरायचं तर दार उघडं लागतं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये बातमी आली की ओपन आता पैसे भरून बघायच्या स्कायकडे जाणार. स्पर्धा भरवणाऱ्या आर अँड एला स्काय वर्षाला दीड कोटी पौंड देणार, म्हणजे बीबीसीच्या दुप्पट, असे आकडे पेपरांत छापून आले. ठरलं होतं २०१७ पासून, पण बीबीसीने एक वर्ष आधीच हात वर केले. लोकांनी कायद्याकडे बोट दाखवलं. इथे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांची सरकारी यादी आहे. 'अ' गटातल्या, म्हणजे विम्बल्डनची फायनल, एफए कपची फायनल, ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत वगैरे, सगळ्यांना थेट दिसल्याच पाहिजेत. 'ब' गटातल्यांचे नुसते हायलाइट्स दाखवले तरी चालतं. ओपन 'ब' गटात. घोडे 'अ' गटात. त्याच 'ब' गटात इंग्लंडमधल्या कसोटीही आहेत. २००५ ची अ‍ॅशेस चॅनेल फोरवर सगळ्या देशाने फुकट पाहिली आणि पुढच्याच उन्हाळ्यात क्रिकेट स्कायवर गेलं. त्यामुळे आम्हा देशी मंडळींना हा मार नवा नव्हता. नव्याने कळ आली ती गोऱ्यांना.

२०१६ ची ओपन रॉयल ट्रूनला होती. आमच्याकडून ट्रेनने तास-दीड तास. म्हणजे जगातली सर्वात जुनी गोल्फ स्पर्धा माझ्या अंगणात चालू, आणि मी ती रात्री आठ वाजता बीबीसी टूवर दोन तासांच्या हायलाइट्समध्ये बघणार! आता हायलाइट्स बघणं हे एक व्रत आहे. दिवसभर फोन बंद, रेडिओ बंद, मुलांना दम, बायकोला विनंती. "अहो, पण सोवळ्यात असल्यासारखे काय बसलाय?" असं ती म्हणाली आणि दूध आणायला मलाच पिटाळलं. दुकानात माझ्या पुढे ओपनची टोपी घातलेला, नाक उन्हाने लाल झालेला एक गृहस्थ. (स्कॉटलंडमध्ये नाक लाल झालं म्हणजे तो माणूस दिवसभर बाहेर होता.) त्याने पैसे देता देता काउंटरवरच्या पोराला निकाल सांगितला. मी कानांत बोटं घालेपर्यंत स्टेन्सन जिंकून गेला होता.

आणि तो सामना काय होता! स्वीडनचा हेन्रिक स्टेन्सन आणि फिल मिकलसन हे दोघेच खेळले, बाकीचे नुसते फिरत होते. मिकलसनने शेवटच्या दिवशी एकही बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) न करता ६५ मारले आणि तरी तीन स्ट्रोक्सनी हरला, कारण स्टेन्सनने ६३ मारले. तिसरा आलेला मिकलसनच्याही अकरा स्ट्रोक्स मागे. १९९९ साली कार्नुस्टीला ज्याँ व्हॅन द वेल्ड तीन स्ट्रोक्सची आघाडी घेऊन शेवटच्या होलवर आला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उतरला, तेव्हा सोमवारी ऑफिसात सफाईवालीपासून साहेबापर्यंत सगळे त्याच ओढ्यात उभे होते. २०१६ च्या सोमवारी मी 'काय तो ६३!' म्हणालो, तर समोरच्याने विचारलं, "कसले?" बीबीसीकडे आदल्या वर्षी ऐन वेळी सत्तेचाळीस लाख लोक होते, स्कायकडे अकरा लाख.

शेवटी आम्हीही स्काय घेतलं. निमित्त मुलांच्या फुटबॉलचं, पण २०१७ मध्ये त्यांनी गोल्फला आख्खं चॅनेलच दिलं, तेव्हा माझंही साधलं. खरं सांगायचं तर स्कायचं काम बीबीसीपेक्षा सरस आहे. सकाळी साडेसहाला पहिला गडी चेंडू मारतो तेव्हापासून उजेड जाईपर्यंत सगळं दाखवतात. चेंडूच्या मागे रंगीत रेघ उमटते, किती वेगाने निघाला, किती अंशात, किती फिरकी, सगळं लिहून येतं. पूर्वी चेंडू आकाशात जायचा आणि आपण समजून घ्यायचो.

पण झोप गेली. महिन्याला पैसे मोजलेत म्हटल्यावर मराठी माणसाचा डोळा मिटत नाही. गुरुवारी सकाळी साडेसहाला मी कोट चढवता चढवता कोणा अनोळखी माणसाचा पहिला फटका बघतो, कारण तोही पैशांत धरलेला असतो. अबूधाबी की दुबई असा प्रश्न नको म्हणून दोन्ही बघतो. रविवारी मी पांघरूण घेतलं की बायको किचनमधून विचारते, "झोपताय? मग बंद करून टाकू का ते पॅकेज?" मी ताडकन उठून फिरकीचे आकडे वाचू लागतो.

७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिक. बंगळुरूची अदिती अशोक, जगात दोनशेवी, शेवटच्या दिवशी पदकाच्या रांगेत. गंमत म्हणजे ज्या बीबीसीवर ऑलिंपिक भरभरून दिसायचं, तिथे या वेळी हक्क बहुतांशी डिस्कव्हरीकडे गेलेले. बीबीसीला एका वेळी दोनच ठिकाणचं थेट दाखवता येत होतं. गोल्फच्या मायभूमीत मी मोबाइलवर आकडे ताजे करत बसलेलो. भारतात मात्र कायद्यानेच ऑलिंपिक दूरदर्शनपर्यंत पोचवावं लागतं. आमच्याकडे पहाट होती तेव्हा साताऱ्याहून फोन आला.

"जागा आहेस ना? वादळ येणार म्हणून थांबवलाय खेळ. दोन होल राहिलेत तिचे."

मागे बरीच माणसं बोलत होती. जोशी आलेले, वरच्या मजल्यावरची मंडळी आलेली. आयुष्यात गोल्फचा चेंडू न पाहिलेली ही सगळी जनता पोहे खात पारबद्दल बोलत होती आणि आई त्यांना बोगी समजावत होती, बारा वर्षांपूर्वीच्या टर्नबेरीच्या आधारावर. खेळ पुन्हा सुरू झाला. अठराव्या होलवर अदितीचा लांबचा पट चुकला. एका स्ट्रोकने चौथी. फोनवर जोशींचा "अरेरे" ऐकू आला, मग आईचा आवाज : "लांबचा होता हो तो. वॉटसनचा तर आठ फुटांचा होता."

मग मला म्हणाली, "आता परत कधी खेळणार ही पोरगी?"

"याच महिन्यात कार्नुस्टीला बायकांची ओपन आहे. पण आई, ऑलिंपिक संपलं. तुला आता पैशाचं चॅनेल घ्यावं लागेल."

"मी कशाला घेऊ? कार्नुस्टी तुझ्या जवळच ना? तू जाऊन बघ आणि मला फोनवर सांग. प्रत्यक्ष बघायला तर पैसे नाहीत ना पडत?"

पावसात छत्री धरून उभं राहायचंही तिथे तिकीट असतं, हे मी तिला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "काठीचा नंबर किती ते मात्र मी ओरडून नाही विचारणार कॅडीला."

"नको विचारूस," आई म्हणाली. "तू फक्त चेंडू कुठे पडला ते सांग. काठी मी सांगते."