आभारी आप्पा

कासुर्डीत सगळ्यांना नडणारी माणसं जशी आहेत, तसे सगळ्यांचे आभार मानणारे आप्पाही आहेत. पहिल्यांपासून लोक वाट बदलून सुटतात. आप्पांपासून सुटका नाही, ते मागून येऊन गाठतात.

2019मध्ये इथल्या पुणे-सोलापूर महामार्गावरचा टोल बंद झाला, तेव्हा आप्पांनी पेढे वाटले. आप्पांकडे एकच जुनी स्कूटर आणि दुचाकीला टोल कधी नव्हताच. कुणीतरी तसं म्हणालं, तर आप्पा उत्तरले, "मग इतकी वर्षं फुकट सोडलं, त्याचे आभार नकोत का?" आणि आणखी एक पेढा हातावर ठेवला.

या सवयीला शास्त्राची जोड दिली हडपसरला कंपनीत असलेल्या नातवानं. त्यानं सांगितलं, 2003मध्ये एमन्स आणि मॅक्युलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचेक गोष्टी लिहिणारी कॉलेजची मुलं, कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आयुष्यावर जास्त खूश दिसली. आप्पांना सगळं पटलं, फक्त "आठवड्यातून एकदा" पटेना. "सोमवारचे आभार रविवारपर्यंत शिळे नाही का व्हायचे?" म्हणून रोज रात्री वही.

खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन सुटलं, त्या रात्रीचं पान त्यांनी मला कौतुकानं दाखवलं:

1. कालव्याला पाणी आलं.
2. आपल्या चारीपर्यंत आलं.
3. शेजाऱ्यानं मधेच बारं फोडलं नाही.
4. फोडलं, पण लगेच बुजवलं.
5. भांडण झालं नाही. (अजून चालू आहे.)

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवत मुक्कामी निघाली की आप्पांच्या आभारांना ऊत येतो. वारकऱ्यांचे पाय चेपून झाले की सेवा करू दिली म्हणून तेच पाया पडतात. समोरचा वारकरीही माऊली म्हणून त्याच क्षणी वाकतो. दरवर्षी एखाद्याच्या कपाळाला टेंगूळ येतं. टेंगूळ आलेल्याचेही आभार.

घरच्यांचं काय, असं एकदा आप्पांच्या पत्नीला, काकींना विचारलं. त्यांनी हातच जोडले. "नको बाबा! एकदा भाकरी झकास झाली म्हणाले आणि ती चाखायला चार पाहुणे घेऊन आले. तेव्हापासून मीच सांगितलंय, माझे मनातल्या मनात माना."

थट्टा पुष्कळ झाली. पण आप्पांची एक गोष्ट मानावी लागते. ते मोघम आभार मानत नाहीत. कुणी, कधी, काय केलं, हे तारखेसकट त्यांच्या लक्षात असतं. ज्यानं बारं फोडलं त्याच्याच दारात ते दोन दिवसांनी गुऱ्हाळावरचा ताजा गूळ घेऊन उभे होते. कारण गेल्या उन्हाळ्यात मोटार जळाली, तेव्हा त्यानंच आपल्या विहिरीचं पाणी दिलं होतं आणि ते पान वहीत होतं. शेजाऱ्याला भांडणाचा पुढचा मुद्दा आठवेना.

सकाळी सकाळी शंभर जणांना एकच फुलाचं चित्र आणि खाली "धन्यवाद" पाठवणाऱ्यांनी आप्पांकडून एवढंच घ्यावं. आज पाच नकोत, एकच आभार लिहा. पण माणसाच्या नावासकट. आणि जमलं तर गूळ घेऊन जा.