विकत कशाला?

भाऊकाकांसमोर ‘विकत मिळतं’ हे दोन शब्द काढायचे नाहीत, हे आमच्याकडे नव्या जावयाला साखरपुड्यातच सांगून ठेवतात. एकाने तरीही पहिल्या दिवाळसणाला, कपड्यांच्या दोरीची कप्पी तुटलेली पाहून, भाबडेपणाने म्हटलं, “काका, याचं तयार स्टँड मिळतं हो बाजारात.” काका नुसते हसले. मग त्याला गॅलरीत नेऊन कप्पी कशी चालते, का तुटते आणि जुन्या सायकलच्या हबमधून नवी कशी करायची, हे त्यांनी ओवाळणीची वेळ टळेपर्यंत समजावलं. जावई हल्ली आमच्याकडे तुटलेलं काही दिसलं की दुसरीकडे बघतो.

असा माणूस प्रत्येक नात्यागोत्यात एक असतो, आणि निवृत्तीनंतर तो जरा जास्तच असतो. त्याच्या माळ्यावर श्रीखंडाच्या डब्यात वॉशर, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत स्क्रू आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ‘अजून चालणाऱ्या’ मोटारी असतात. त्याचं कुठलंही काम पाच मिनिटांचं असतं. रविवारी सकाळी “पाच मिनिटांत येतो गं” ऐकलं की काकू न बोलता कुकर उतरवून ठेवतात आणि वर्तमानपत्राची पुरवणी उघडतात.

काकांची गाडी म्हणजे जुनी मारुती ८००. तिची बॅटरी बॉनेटखालून काढून मागे डिकीत न्यायची, हे त्यांच्या मनाने घेतलं. का, हे विचाराल तर विचारणाऱ्यागणिक उत्तर वेगळं. मला सांगितलं, “इंजिनाच्या उष्णतेने बॅटरी लवकर मरते. साधारण दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, धर.” काकूंना सांगितलं, बॉनेट उघडून बॅटऱ्या चोरतात. वॉचमनला सांगितलं, पुढचं वजन मागे गेलं की गाडी तोलात येते. आणि कोणी फारच नाक मुरडलं की, “अरे, इंग्रजांनी १९५९ साली मिनी काढली, तिची बॅटरी डिकीतच होती. ते काय खुळे होते?” खरं कारण एकच. गाडीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

न्यू जर्सीतल्या पुतण्याला हे कळलं. तो उत्साहाने म्हणाला, “काका, इकडे याचं किट मिळतं. डबा, केबल, क्लँप, नटबोल्ट सगळं एका खोक्यात. येताना आणतो.” फोनवर जी शांतता पसरली, ती इकडे स्वयंपाकघरात काकूंनाही ऐकू आली. “खोकं नको,” काका म्हणाले, “आत काय काय आहे त्याचा फोटो तेवढा पाठव.” फोटो आला. काकांनी तो मोठा करकरून पाहिला आणि विजयी मुद्रेने विचारलं, “यात फ्यूज कुठाय?” यादीत खरंच फ्यूज नव्हता. त्यानंतर आठवडाभर भेटेल त्याला अमेरिकेची गत ऐकावी लागली.

मग केबल. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आपल्याकडची गीझरची उरलेली वायर घेऊन आले. चांगली चार स्क्वेअर एमएमची, तांब्याची, फुकट. काका फुकट वस्तू सोडतील? पण त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. मागून पुढे चार मीटर लांबी, सेल्फ मारताना करंट शंभराच्या वर, एकशेवीस धरू. या वायरीत दोन व्होल्ट वाटेतच जातात. बाराच्या बॅटरीतून स्टार्टरला मिळणार दहा, आणि वायर तापणार ती वेगळीच. पस्तीस स्क्वेअरची वेल्डिंगची केबल घेतली तर जेमतेम पाव व्होल्ट जातो. “तुमची वायर उत्तम आहे,” त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, “गीझरला.” दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणारा हा माणूस केबल घ्यायला नाना पेठेत गेला आणि घासाघीस न करता पैसे मोजून आला. इथे मी पहिल्यांदा चकित झालो.

दुसऱ्यांदा चकित झालो ते बुधवार पेठेत. तापकीर गल्लीच्या आसपास गाड्यांना मोठाले स्पीकर बसवणारं एक दुकान आहे. तिथे कानात डूल घातलेली पोरं आपापले ॲम्प्लिफायर निवडत होती. त्यांच्यात बुशशर्टाच्या खिशाला पेन लावलेले आमचे काका, मोठ्या करंटचा फ्यूज भिंगातून पाहत उभे. “किती वॅटची सिस्टीम लावताय अंकल?” एका पोराने आदराने विचारलं. काकांनी त्याला सिस्टीमचं काही सांगितलं नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच का हवा, हे सांगितलं: बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये जेवढी केबल, तेवढीला वाली कोणी नाही; ती कुठे पत्र्याला टेकली तर जळेपर्यंत थांबणार नाही. पोराने तिथल्या तिथे दुकानदाराला आपला फ्यूज पुढे घ्यायला लावला.

डबा घरचाच निघाला. काकूंचा तांदळाचा प्लॅस्टिकचा डबा, घट्ट झाकणाचा. तो काकांनी तांदळासकट मोजला, तेव्हाच काकूंना काय ते समजलं. “अहो, त्यात आंबेमोहोर आहे!” “तो दुसरीकडे राहील. बॅटरीला दुसरीकडे चालत नाही.” कारण या गाडीची डिकी आतल्या बैठकीशी सलग, आणि बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. त्याला ना रंग ना वास, ठिणगी मिळाली की भडका. म्हणून झाकण घट्ट, आणि वायूला बाहेर जायला डब्यातून थेट गाडीच्या तळाखाली नळी. नळी गवंड्याकडची, लेव्हल बघायची. केबल गालिच्याखालून आणली. पुढच्या पत्र्यातून ती जिथे पलीकडे जाते तिथे रबराचं ग्रोमेट बसवलं, नाहीतर पत्र्याची धार तिला कुरतडते. अर्थिंगसाठी डिकीतला रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत लोखंड काढलं. तेव्हा काकू खिडकीतून आत वळल्या. बॅटरीवर आडवी पट्टी टाकून दोन्ही बाजूंनी बोल्ट आवळल्यावर काका समाधानाने म्हणाले, “आता गाडी उलटली तरी ही जागची हलणार नाही.” हे त्यांनी काकू गाडीत बसत असताना म्हटलं.

मुख्य दिवशी माझ्याकडे टॉर्च होता. या माणसांच्या कामात टॉर्च धरणाऱ्याचं स्थान फार हलकं. “इथे नको, मी बघतोय तिथे धर.” आपण तिथे धरावा, तर ते दुसरीकडे बघत असतात. काकांनी आधी अंगठी आणि घड्याळ काढून काकूंच्या हातात दिलं, सोवळ्यात जाणाऱ्या माणसाच्या गांभीर्याने. टर्मिनलमध्ये अंगठी अडकली तर बोट भाजतं. मग दहा नंबरचा पान्हा घेतला. काढताना निगेटिव्ह पहिली, लावताना निगेटिव्ह शेवटी. “का?” मी विचारलं, कारण न विचारणं त्यांना लागतं. “निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पान्हा बॉडीला लागला तर पान्ह्याचंच वेल्डिंग होईल.”

किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. काकांचा चेहरा पडला. एवढ्यात संपलं? पण मग त्यांना मल्टिमीटर आठवला. मला पुन्हा पुन्हा सेल्फ मारायला लावून त्यांनी केबलच्या दोन टोकांमधला फरक मोजला. पाव व्होल्ट. लग्नपत्रिका शोधून आणली गेली, शेजाऱ्यांना खाली बोलावलं गेलं, आणि चहा झाला.

किटपेक्षा खर्च जास्त झाला असणार. हिशेबाची वही आहे, ती कोणी मागत नाही.

खरा आनंद मात्र पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी झाला. नव्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “काका, घाबरू नका, पण तुमची बॅटरी चोरीला गेलीय.” या वाक्यासाठी काका कित्येक महिने तयारीत होते. त्यांनी त्याला डिकीपर्यंत चालवत नेलं, झाकण उघडलं, आणि गणितापासून सुरुवात केली. गॅरेजमधल्या बाकीच्या गाड्या तशाच राहिल्या.

डिकीत आता पिशव्या मावत नाहीत, म्हणून मंडईहून येताना भाजी काकूंच्या मांडीवर असते. परवा त्यांनी तक्रार केली तशी काकांनी गाडी बाजूला घेतली, उतरून बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या रिकाम्या जागेकडे बघत खिशातून टेप काढला.

“अगं, ती पिशवी दे जरा इकडे,” ते म्हणाले. “मेथीसकट.”